अध्यक्षीय घोरणे

नरहरराव बिलोलीकर घोरतात, ही गोष्ट गौलीगुड्यात सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त नरहररावांना. चौतीस वर्षं नोंदणी खात्यात काढलेला माणूस. ज्यावर सही-शिक्का नाही ते घडलंच नाही, असं मानायची सवय. त्यांच्या पत्नी भारतीबाई लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून तक्रार करत आल्या होत्या, पण तोंडी. तोंडी तक्रारीची दखल घ्यायला नरहरराव काही नवखे कारकून नव्हते.

पुरावा शेवटी निघाला तो भर सभेत, आणि तोही माईकवरून.

गौलीगुड्यातल्या सरस्वती व्याख्यान मंडळाचे नरहरराव अकरा वर्षं अध्यक्ष होते. महिन्यातून एका रविवारी, दुपारी चार वाजता, मंडळाचं व्याख्यान असे. रविवारचं जेवण करून आलेल्या माणसांना दुपारी चार वाजता ज्ञान द्यायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली ते मंडळाच्या दप्तरात नोंदलेलं नाही. नोंदलं असतं तर त्याच्या वारसांना त्रास झाला असता. वक्त्याने तास-सव्वातास बोलायचं, अध्यक्षांनी मधल्या खुर्चीत बसायचं आणि शेवटी समारोप करायचा, अशी पद्धत होती. नरहररावांचा समारोप ठरलेला होता. "आजच्या व्यासंगी वक्त्यांनी विषयाचे अनेक पैलू उलगडून दाखवले, काही प्रश्नांची उत्तरं दिली आणि काही नवे प्रश्न आपल्यापुढे उभे केले." हा समारोप त्यांनी जुन्या विहिरींवर वापरला, मधुमेहावर वापरला, आणि एकदा वक्ता आलाच नाही तेव्हाही वापरला. कुणी कधी हरकत घेतली नाही. स्वागत आणि समारोप यांच्या मधला वेळ नरहरराव डोळे मिटून चिंतन करत.

जूनच्या सभेत वक्ते होते मंडळाचेच कार्यवाह, हणमंतराव उदगीरकर. विषय, 'आपल्या भागातील मोडी दस्तऐवज : भाग पहिला'. 'भाग पहिला' हे शब्द ऐकून दोघं जण तिथल्या तिथे उठून गेले. उरलेल्यांना शिष्टाचार आडवा आला. त्या दिवशी मंडळाने काळाबरोबर चालायचं ठरवून व्याख्यान यूट्यूबवर टाकायची सोय केली होती, आणि अध्यक्षांसमोर एक स्वतंत्र माईक ठेवला होता. तो बंद कसा करायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

"बाबा, ऐका ना," दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी अमृता मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. हायटेक सिटीतली नोकरी ती घरातूनच करायची, त्यामुळे घरातल्या भानगडींत लक्ष घालायला तिला भरपूर वेळ होता. "सव्वा तासाचा व्हिडिओ आहे. त्यात हणमंतकाका एकोणीस मिनिटं ऐकू येतात. बाकी सगळं तुमचं सोलो आहे."

"पंख्याचा आवाज आहे तो," नरहरराव म्हणाले.

"पंखा मधेच श्वास कोंडून थांबत नाही, बाबा."

मंडळाच्या व्याख्यानाला आजवर जास्तीत जास्त एक्केचाळीस माणसं लाभली होती. या व्हिडिओला चार दिवसांत नऊ हजार लाभली. अमेरिकेतल्या कुणी सद्गृहस्थाने खाली लिहिलं होतं, 'विषय चांगला, पण पार्श्वसंगीत जरा मोठं आहे.' नरहररावांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं.

हणमंतरावांनी तातडीने कार्यकारिणीची बैठक बोलावली. "मला व्यक्तिशः काही वाटलं नाही," असं म्हणून ते चाळीस मिनिटं बोलले. "पण मंडळाच्या इज्जतीचा सवाल आहे. घटनेचं कलम अकरा काय म्हणतं? अध्यक्ष शारीरिक कारणाने असमर्थ ठरल्यास त्यांनी पद सोडावं." ही घटना नरहररावांनी स्वतःच लिहिली होती आणि कलम अकरा आपल्या आधीच्या अध्यक्षांना घालवण्यासाठी घातलं होतं, त्यामुळे त्यांनी फक्त मुदत मागून घेतली. ठराव झाला: ऑक्टोबरमध्ये हणमंतरावांचा 'भाग दुसरा' होईल, त्याआधी अध्यक्षांनी इलाज करून डॉक्टरी दाखला सादर करावा, नाहीतर राजीनामा.

खुर्ची साधी होती, प्लॅस्टिकची. पण नोकरी सुटल्यावर नरहररावांना विचारणारं जग आक्रसत आक्रसत त्या खुर्चीएवढं झालं होतं. महिनाभर त्यांना दूधवालासुद्धा 'वरच्या मजल्यावाले' म्हणायचा. त्या एका रविवारी मात्र चाळीस माणसं 'या अध्यक्षमहाराज' म्हणून उठून उभी राहायची. ती खुर्ची गेली तर आपण नुसते वरच्या मजल्यावाले उरू, हे नरहररावांनी ओळखलं. घोरतो हे त्यांनी अजूनही मान्य केलं नव्हतं. इलाज करून घ्यायला मात्र ते तयार झाले.

इलाज सांगायला आपल्याकडे डॉक्टर लागत नाही, जिना लागतो. खालच्या मजल्यावरचे अरविंद विमा विकायचे, त्यामुळे दुसऱ्याच्या प्रकृतीत त्यांना पहिल्यापासून रस. जिन्यातच ते म्हणाले, "काका, तुम्ही उताणे झोपायलात. उताणं झोपलं की जीभ मागं पडते, रस्ता अडवते. पाठीला चेंडू बांधा. उताणं व्हायला गेलं की टोचतो, माणूस कुशीवर वळतो. एकदम शास्त्रीय आहे."

नरहरराव नवा बनियन घेऊन अफझलगंजच्या गल्लीतल्या करीमभाई टेलरकडे गेले.

"बनियान को पीछे जेब कायकू, साब?" करीमभाईंनी विचारलं.

"बॉल रखने को."

करीमभाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. पन्नास वर्षांच्या धंद्यात त्यांनी गिऱ्हाइकाला दुसरा प्रश्न विचारायचा तो फक्त मापाचा, असा नियम ठेवला होता. "टेनिस का के क्रिकेट का?"

जेब उत्तम शिवली गेली. आठ दिवस नरहरराव दुपारी आणि रात्री चेंडूसकट झोपले. नवव्या दिवशी दुपारी उठायला उशीर झाला, आबिड्सच्या पोस्टात काम होतं, म्हणून त्यांनी त्या बनियनवरच सदरा चढवला आणि ते निघाले. रांगेत त्यांच्या मागे नेमके हणमंतराव उभे होते. ते अध्यक्षांच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता परत फिरले.

संध्याकाळपासून घरी मोसंबी यायला लागली. पहिले आले मंडळाचे खजिनदार आबासाहेब. नरहररावांना वाटलं, घोरण्याची चौकशी करायला आलेत. म्हणून त्यांनीही मोठ्या मनाने बोलायचं ठरवलं.

"त्रास होतो का हो?" आबासाहेबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"उताणं झोपलं की टोचतं. पण आता सवय झाली."

"केवढी आहे?"

"टेनिसच्या चेंडूएवढी," नरहरराव म्हणाले. जेब असल्यामुळे त्यांनी स्त्रीलिंगच वापरलं.

"आणि... किती मुदत म्हणायलेत?"

"ऑक्टोबरपर्यंत. मग हणमंतराव आहेतच."

आबासाहेबांनी उपरण्याने डोळे टिपले आणि नरहररावांचे दोन्ही हात धरले. एवढ्याशा घोरण्यासाठी हा माणूस रडतो, हे पाहून नरहररावांनाही भरून आलं. चार दिवसांत घरात अकरा किलो मोसंबी जमली, आणि हणमंतरावांनी शोकठरावाचा मसुदा केला. तो फार सुंदर उतरला होता, असं पुढे कळलं. नरहररावांच्या वक्तृत्वाबद्दल त्यांच्या हयातीत कुणी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. पाठीवर गाठ नाही, चेंडू आहे, हा खरा प्रकार उघड झाला तेव्हा आबासाहेबांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटलं आणि ऑगस्टपासून त्यांनी नरहररावांशी बोलणं टाकलं. भारतीबाईंनी बनियनची जेब उसवली, चेंडू अरविंदांच्या दारात ठेवला आणि नवऱ्याला पेन्शनरांच्या दवाखान्यात पिटाळलं.

तिथे खिडकीमागे संगणकासमोर एक बाई बसल्या होत्या. नरहररावांनी आजार सांगितला. बाईंनी बरीच बटणं दाबली. "गुरक लिस्ट में लेदु, सार," त्या म्हणाल्या. गुरक म्हणजे घोरणं. ते आजारांच्या यादीत नाही, आणि यादीत नाही तो आजार सरकारच्या लेखी कुणाला होत नाही. नरहररावांना या तर्कावर आक्षेप घेता येईना. तो त्यांचाच होता.

"नींद का कुछ लिखो ना, अम्मा," ते गयावया करत म्हणाले.

"नींद का लिखी तो सायकियाट्री में जाता." मग बाईंना दया आली. "तकलीफ किसको है, सार? नींद किसकी खराब होती?"

"मिसेस की."

"फिर पेशंट तो वो हुए ना! उनका कार्ड लाव, सार."

दुसऱ्या दिवशी भारतीबाईंचं कार्ड काढून त्यांना मनोविकार विभागात बसवण्यात आलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "कब से परेशान हैं, अम्मा?" भारतीबाई म्हणाल्या, "छत्तीस बरस से." आणि मग त्या पाऊण तास बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा इतक्या प्रसन्न दिसत होत्या की नरहररावांना काळजी वाटली. हातात चिठ्ठी होती: 'रुग्णेच्या उपचाराचा भाग म्हणून पतीस कान-नाक-घसा विभागात तपासावे.' म्हणजे सरकारदरबारी नरहरराव आता पेशंटसुद्धा राहिले नव्हते. ते बायकोचं औषध झाले होते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर प्रियदर्शिनी लातूरकडच्या निघाल्या. त्यांनी नाकात बॅटरी मारली, घसा पाहिला, मानेला टेप लावला आणि मग कागदावर चित्र काढून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, टाळूचा मऊ भाग आणि जीभ मागे कलते, वाट अरुंद होते. त्यातून हवा जाताना सगळं थरथरतं, तेच घोरणं. मान जाड, पोट सुटलेलं, नाकाचा पडदा थोडा वाकडा, म्हणजे नरहररावांकडे कशाचीच कमतरता नव्हती.

"घोरण्याचं मला तेवढं नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "मधेच श्वास थांबतो का, ते बघायचंय. दिवसा झोप येते? बसल्या बसल्या? सभेत वगैरे?"

"सभेत मी चिंतन करतो."

"चिंतन करताना घोरता?"

झोपेच्या तपासणीचं यंत्र नरहररावांनी घरी नेलं, एक रात्र बोटाला, छातीला आणि नाकाला वायरी लावून झोपले, आणि परत दिलं. चार दिवसांनी अहवाल आला. तासाला अडतीस वेळा श्वास अडखळत होता. प्रत्येक वेळी मेंदू धडपडून जागा होत होता आणि नरहररावांना त्याचा पत्ता नव्हता. "तुम्ही रात्रभर झोपता असं तुम्हाला वाटतं, काका," डॉक्टर म्हणाल्या, "पण खरी झोप तुम्हाला मिळतच नाही. म्हणून दिवसा कुठंही डोळा लागतो. आणि हे असंच चालू दिलं तर बीपी, हृदय, सगळ्यावर ताण येतो."

अहवालाखाली सही होती. सहीवर शिक्का होता. नरहररावांनी अहवाल दोनदा वाचला आणि मान्य केलं.

"मला माहीत होतं की," भारतीबाई शेजारच्या खुर्चीतून शांतपणे म्हणाल्या. "घोरणं थांबलं की मी जागी व्हायची. तुमचा श्वास परत सुरू झाला नाही तर कोपरानं ढोसायची. मग सुरू व्हायचा. रोजचंच होतं ते."

नरहररावांना ते कोपर आठवलं. त्याबद्दल ते आयुष्यभर चारचौघांत विनोद करत आले होते. मेलो असतो आपण, आणि ही रोज पहारा देत होती, असं त्यांच्या मनात आलं. पण अशा वेळी बायकोला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "या अहवालाची एक झेरॉक्स मिळेल का?"

इलाज ठरला. वजन उतरवायचं, कुशीवर झोपायचं, आणि रात्री एक मुखवटा लावायचा. त्याची नळी उशाशी ठेवलेल्या यंत्राला जोडलेली, यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणार. पहिल्या आठवड्यात नरहररावांनी मुखवटा तीनदा झोपेत फेकून दिला, एकदा उलटा लावला. अरविंदांनी जिन्यातून अभिप्राय दिला, "काका, ही मशीन कायमची लागते म्हणे. विम्यात बसत नाही." तिसऱ्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. नरहरराव पहाटे उठले आणि त्यांना उठल्यासारखं वाटलं. दुपारी पेपर वाचताना तो तोंडावर पडला नाही. घरात रात्रीची अशी शांतता पसरली की भारतीबाईच दचकून उठायच्या आणि नळीला कान लावून नवरा चालू आहे ना, हे पाहायच्या. झोप नवऱ्याला लागली; बायकोची ड्यूटी काही संपेना.

दाखल्यावरून थोडी घासाघीस झाली. 'घोरत नाहीत' असं लिहायला डॉक्टर तयार होईनात. शेवटी त्यांनी लिहिलं, 'उपचारांस उत्तम प्रतिसाद. दिवसभर पूर्ण जागृत राहण्यास सक्षम.' कार्यकारिणीने दाखला दप्तरी दाखल केला. खुर्ची वाचली.

ऑक्टोबरचा रविवार आला. 'भाग दुसरा' सुरू झाला. नरहरराव खुर्चीत ताठ बसले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी व्याख्यान ऐकलं.

तो अनुभव त्यांना झेपला नाही. आपल्या अध्यक्षतेखाली हे असं चालतं, याची त्यांना कल्पनाच नव्हती. हणमंतराव कागद वाचत होते. समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत आबासाहेब तोंड उघडं टाकून गेलेले, अरविंदांची मान शेजाऱ्याच्या खांद्यावर, चित्रीकरण करणारा कॅमेऱ्यामागे पेंगतोय. भारतीबाई तिसऱ्या रांगेत डोळे ताणून जाग्या होत्या, पण त्या व्याख्यानाकडे नाही, नवऱ्याकडे पाहत होत्या. हणमंतरावांनी सातवं पान संपवलं, पान उलटलं आणि परत सातवं पान वाचलं. सभेत चलबिचल झाली नाही. खुद्द हणमंतरावांतही झाली नाही. मग अकराव्या पानावर एका पाटलाने जमीन विकली. नरहरराव दचकले. हा पाटील तिसऱ्या पानावर वारला होता. मेलेला माणूस खरेदीखत करतो, हे चौतीस वर्षं नोंदणी खात्यात काढलेल्या माणसाने कसं सहन करावं?

समारोपाला ते उठले. "आजच्या व्यासंगी वक्त्यांनी" इथपर्यंत सवयीने आले. पुढचं वाक्य मात्र घशातून निघेना. आणि घसा आता चांगला उघडा होता.

"सातवं पान दोनदा झालं," नरहरराव म्हणाले. "आणि तो पाटील. हणमंतराव, तिसऱ्या पानावर तुम्ही त्याचा बारावा-तेरावा उरकलाय. अकराव्या पानावर सही कुणाची?"

सभा खडबडून जागी झाली. हणमंतराव कागद चाळायला लागले.

"तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही झोपला होता," नरहरराव सभेला म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच नवा वाटत होता. "मीही अकरा वर्षं झोपलो होतो. मला आजार होता. तुम्हाला काय झालंय?"

"आम्ही चिंतन करत होतो!" आबासाहेब ओरडले. ऑगस्टनंतरचं हे त्यांचं पहिलं वाक्य.

बुधवारी कार्यकारिणी बसली. घोरणाऱ्या अध्यक्षाला या लोकांनी चार महिन्यांची मुदत दिली होती. जागणाऱ्याला चार दिवसही मिळाले नाहीत. वक्त्याचा आणि श्रोत्यांचा अवमान, असा ठपका ठेवण्यात आला. पुरावा म्हणून हणमंतरावांनी डॉक्टरी दाखलाच पुढे केला. "झोपेत बोलले असते तर मीच म्हणालो असतो, जाऊ द्या," ते कळवळून म्हणाले. "पण हे बघा. पूर्ण जागृत. सहीशिक्क्यानिशी." नरहररावांचा राजीनामा एकमताने मंजूर झाला, लिहून द्यायचा बाकी होता, तो त्यांनी तिथेच लिहून दिला. नवे अध्यक्ष हणमंतराव.

नोव्हेंबरच्या रविवारी नरहरराव घरीच बसणार होते. भारतीबाईंनीच साडी नेसून, पिशवी घेऊन दारात उभं राहत विचारलं, "मग? माणसानं खुर्चीसाठीच जायचं असतं होय?" ते गेले आणि पाचव्या रांगेत दोघं शेजारी शेजारी बसले. कुणी उठून उभं राहिलं नाही. नरहररावांना ते लागलं, फार लागलं.

बोलायला माधवी नावाची एक तरुण शिक्षिका आली होती. विषय, मुसा नदीच्या पुराच्या घरोघरच्या आठवणी. पोरगी चांगली तयारी करून आली होती. सातव्या मिनिटाला नवे अध्यक्ष मधल्या खुर्चीत चिंतनात गेले. पंधराव्या मिनिटाला सभा त्यांच्या मागोमाग गेली. माधवीची नजर रांगारांगांतून फिरत फिरत नरहररावांवर आली आणि मग तिथून हललीच नाही. उरलेलं सगळं व्याख्यान तिने एकट्या नरहररावांना दिलं. नरहरराव माना डोलवत होते, एका ठिकाणी हसले, एका ठिकाणी त्यांनी भुवया उंचावल्या तर तिने थांबून तो मुद्दा पुन्हा सांगितला.

माधवी थांबताच सभा सवयीने टाळ्या वाजवत जागी झाली, आणि त्या आवाजाने हणमंतराव उठले. समारोपाला उभे राहिले, माईक हातात घेतला, आणि काय झालं हे ठाऊक नसल्यामुळे थांबले. त्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेबांनी जमिनीकडे पाहिलं. माधवी पाचव्या रांगेकडे पाहत होती. मग सगळी सभाच तिकडे वळून पाहायला लागली.

"बिलोलीकर," हणमंतराव माईकवरून म्हणाले, "तुम्ही या ना वर. दोन शब्द बोला. या, या, खुर्ची घ्या."

चाळीस माणसं वाट पाहत होती. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवलीसुद्धा.

भारतीबाईंचं डोकं नरहररावांच्या खांद्यावर होतं. तासाभरापूर्वी, माधवी बोलत असतानाच, ते हळूच येऊन टेकलं होतं. नवरा शेजारी जागा बसलाय, नीट श्वास घेतोय, दिवसाढवळ्या दिसतोय, एवढं पाहून त्यांनी डोळे मिटले होते, आणि त्यांना गाढ झोप लागली होती.

"बिलोलीकर! अहो, या!" हणमंतरावांनी आवाज चढवला.

नरहररावांनी खांदा न हलवता दुसरा हात वर केला आणि ओठांवर बोट ठेवून अध्यक्षांना गप्प बसायला सांगितलं.

समारोप झालाच नाही. लोक चहाला उठले, बाकीच्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, दिवे एकेक करून मालवले गेले. भारतीबाईंना जाग येईपर्यंत नरहरराव तिथेच बसून राहिले.